दोन सिझर, दोन निर्णय: नागपुरातल्या एका फाईलचा अभ्यास

या प्रकरणात दोन बाळंतपणं आहेत. बाई एकच, आणि दोन्ही वेळा सिझर. सरकारी नोंदवहीत दोन्हींची नोंद सारखीच होते, टक्केवारीत दोन्ही सारखीच मोजली जातात. पण कागदपत्रं वाचल्यावर मला स्पष्ट दिसतं की पहिल्या वेळी थांबायला जागा होती, आणि दुसऱ्या वेळी थांबणं म्हणजे बाळ गमावणं होतं. नागपुरात प्रसूती विभागात काम करताना "आजकाल सगळ्यांचं सिझरच होऊन राहिलं" हे वाक्य रोज कानावर येतं. त्यावर डॉक्टर चिडतात, नातेवाईक संशय घेतात, आणि बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा एक फाईल पानापानाने वाचली तर जास्त कळतं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

पहिलं बाळंतपण

माहेर काटोल तालुक्यात, घरची संत्र्याची बाग. सासर नागपुरात मानेवाड्याकडे, नवरा बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. पहिल्या खेपेला तिचं वय २५, उंची १५२ सेंटिमीटर, रक्तदाब आणि साखर व्यवस्थित, हिमोग्लोबिन थोडं कमी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण काटोलपेक्षा नागपुरात सोय बरी म्हणून आई-वडीलच लेकीकडे येऊन राहिले. नाव घातलं ते घराजवळच्या एका लहान खाजगी दवाखान्यात. डॉक्टर चांगल्या बोलायच्या, तपासण्या वेळच्या वेळी व्हायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात कोणी दुष्ट माणूस शोधायची गरज नाही.

मे महिना होता. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या आसपासचा पारा, दुपारी रस्ते ओस. ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर सोनोग्राफी सांगितली होती. ती भरदुपारी ऑटोने गेली, बराच वेळ रांगेत बसली. घामाने निथळत होती आणि सकाळपासून धड पाणी प्यायली नव्हती. रिपोर्टमध्ये गर्भजलाचा निर्देशांक ६.४ आला. बाळाचं वजन अंदाजे २ किलो ७०० ग्रॅम, डोकं खाली, वार वर, नाळेतला रक्तप्रवाह ठीक. खाली छापलं होतं: "गर्भजल काठावर". आणि एक ओळ होती: "नाळेचा एक वेढा मानेभोवती".

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, पाणी कमी झालं आहे, नाळ गुंडाळलेली आहे, आजच भरती व्हा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण नागपुरातल्या कितीतरी फाईली याच ओळीवर वळण घेतात. गर्भजलाचा निर्देशांक काढताना पोटाचे चार भाग करून प्रत्येक भागात पाण्याचा सर्वांत खोल खळगा मोजतात आणि चारही आकडे मिळवतात. ५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर पाणी कमी मानतात. ५ ते ८ हा काठावरचा पट्टा. त्यात बाळाची वाढ नीट असेल, हालचाल असेल, नाळेतला प्रवाह चांगला असेल, तर तो आकडा एकटा बाळंतपण घाईने उरकायचं कारण ठरत नाही. मोजायची दुसरी पद्धत फक्त एका सर्वांत खोल खळग्याची आहे. तो २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तरच पाणी कमी धरतात. दोन्ही पद्धतींची तुलना झाली तेव्हा दिसलं की चार भागांच्या पद्धतीने जास्त बायकांवर "पाणी कमी" हा शिक्का बसतो आणि जास्त जणींना कळा आणायची औषधं दिली जातात, बाळांच्या तब्येतीत मात्र त्याने सुधारणा होत नाही.

आणखी एक गोष्ट विदर्भाच्या उन्हाळ्यात विसरून चालत नाही. आईच्या अंगातलं पाणी कमी झालं की हा आकडा उतरतो आणि तिला पाणी पाजलं की तो चढतो. दोन लिटर पाणी प्यायला देऊन काही तासांनी पुन्हा मोजल्यावर निर्देशांक वाढतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मे महिन्यात रांगेत ताटकळलेल्या बाईचा ६.४ हा आकडा पाणी पाजून, सावलीत बसवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला हवा होता. फाईलमध्ये दुसरी मोजणी नाही.

नाळेच्या वेढ्याबद्दल थोडक्यात. साधारण चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी नाळ मानेभोवती आढळते. बहुतेक बाळं तशीच सुखरूप जन्मतात, वेढा डोकं बाहेर आल्यावर हाताने सोडवता येतो. केवळ सोनोग्राफीत वेढा दिसला म्हणून सिझर करायचं नसतं. पण "नाळ गळ्याशी आहे" हे शब्द आजीच्या कानावर पडले की घरात दुसरं काही सुचत नाही. तिच्या सासूबाई त्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या, "बापा, दोन जीवांचा प्रश्न हाय, डॉक्टर म्हणतात ते कर." कोणतीही सासू हेच म्हणेल. रिपोर्टवर ही ओळ छापायची असेल तर तिचा अर्थ सांगायची जबाबदारीही कोणीतरी घ्यायला हवी.

भरती झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत

भरती होताना गर्भपिशवीचं तोंड बंदच होतं, जेमतेम एक बोट जाईल एवढं. तोंडाची लांबी कायम, बाळाचं डोकं अजून न उतरलेलं. कळा आणण्याआधी तोंड किती तयार आहे याचे गुण देतात. नोंदीवरून मी मोजले तर तिचे २ भरतात. म्हणजे शरीर अजून तयार नव्हतं.

सकाळी ११ वाजता तोंड मऊ करायचं जेल लावलं, संध्याकाळी ५ वाजता दुसरं. रात्री पोटात दुखत राहिलं, झोप झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता सलाईनमधून कळांचं औषध सुरू झालं, तेव्हा तोंड २ सेंटिमीटर. ८ वाजता ३ सेंटिमीटर असताना पाण्याची पिशवी फोडली. दुपारी १ वाजता तपासलं तर ३ सेंटिमीटरच. सव्वादोनला सिझर. मुलगी, २ किलो ८०० ग्रॅम, जन्मताच रडली. या सगळ्या काळात बाळाचे ठोके १३६ ते १४८ असे नोंदवलेले आहेत. एकदाही खाली गेलेले नाहीत. गर्भजल स्वच्छ होतं. डिस्चार्ज कार्डावर कारण: "कळांमध्ये प्रगती नाही". घरच्यांना तोंडी सांगितलं गेलं की हाडाची जागा लहान आहे, डोकं उतरलं नाही.

३ सेंटिमीटरला प्रगती थांबली, असं म्हणता येत नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकात एमॅन्युएल फ्रीडमन यांनी कळांचा जो आलेख मांडला, त्यावरून अनेक पिढ्यांनी शिकून घेतलं की जोमाच्या कळा लागल्यावर तोंड तासाला साधारण १ सेंटिमीटर उघडलं पाहिजे. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून कळलं की निरोगी बायकांतही, विशेषतः पहिलटकरणीत, सुरुवातीचा काळ त्यापेक्षा कितीतरी संथ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत जोमाच्या कळांची सुरुवात ५ सेंटिमीटरपासून धरली आणि तासाला १ सेंटिमीटर ही कसोटी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच ही रेघ ६ सेंटिमीटरवर नेली होती. औषधाने आणलेल्या कळांबाबत तिथली सूचना अशी आहे: आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर पाण्याची पिशवी फुटल्यानंतर कळांचं औषध चालू ठेवून किमान १२ ते १८ तास वाट पाहावी, मगच प्रयत्न फसला म्हणावं. या बाईला पाण्याची पिशवी फुटल्यानंतर ५ तास मिळाले. आणि "हाडाची जागा लहान" हा निष्कर्ष तर जोमाच्या कळा लागून डोकं खाली ढकललं जाऊ लागल्यावरच काढता येतो. तिची ती वेळ आलीच नाही.

फाईलमध्ये पार्टोग्राफचा, म्हणजे कळांची प्रगती वेळेनुसार मांडायच्या तक्त्याचा, छापील कागद आहे. त्यावर तिचं नाव, वय आणि भरतीची वेळ लिहिलेली आहे. बाकी चौकटी कोऱ्या.

कळा आणल्या म्हणूनच सिझर झालं, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कमी जोखमीच्या पहिलटकरणींना ३९ व्या आठवड्यात कळा आणल्या, तेव्हा त्यांच्यात सिझरचं प्रमाण १८.६ टक्के राहिलं, आणि वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के. फरक असा की तिथे तोंड तयार करायला वेळ दिला गेला आणि प्रयत्न फसला असं म्हणायच्या कसोट्या कडक होत्या. कळा आणायच्या असतील तर एक दिवस, दीड दिवस, कधी त्याहून जास्त तिच्याजवळ राहायची तयारी लागते. ती तयारी लहान दवाखान्यात कुठून यायची, हा खरा प्रश्न आहे.

एका डॉक्टरचा दिवस

धंतोली, रामदासपेठेतली मोठी रुग्णालयं सोडली तर नागपुरातली कितीतरी बाळंतपणं वस्त्यावस्त्यांतल्या लहान प्रसूतिगृहांत होतात. डॉक्टर एक, फार तर नवरा-बायको दोघं. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशनं, संध्याकाळी पुन्हा ओपीडी. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि दिवसभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत असतात. रात्री दोनला अचानक सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ उठून येणार, बालरोगतज्ज्ञ येणार, रक्त लागलं तर नातेवाईक रक्तपेढीकडे धावणार. दुपारी सव्वादोनला हेच सगळं हाताशी असतं. कळा सोसणाऱ्या बाईजवळ रात्रभर बसेल अशी, ठोके नीट ऐकू शकेल आणि तोंड तपासू शकेल अशी प्रशिक्षित परिचारिका लहान दवाखान्याला परवडत नाही. मिळाली तरी टिकत नाही. मग दुपारी १ वाजता ३ सेंटिमीटर असलेल्या बाईकडे पाहून डॉक्टरच्या मनात रात्रीचं चित्र उभं राहतं. त्यात पैशाचाही भाग असतो, सिझरचं बिल जास्त होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या मते पैशापेक्षा वेळ आणि माणसं हे मोठं कारण आहे. नैसर्गिक बाळंतपणात डॉक्टरचे १५ तास अडकतात आणि त्या तासांचं मोल आपल्या कोणत्याच व्यवस्थेत नाही.

त्यात भीतीची भर पडते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत स्पष्टपणे आली. रुग्णाला दाद मागता आली पाहिजे, त्यात वाद नाही. पण बाळाला काही झालं तर पहिला प्रश्न येतो, "सिझर का केलं नाही?" आणि दवाखान्याच्या काचा फुटायची धास्ती वेगळीच. सिझर केलं म्हणून काच फुटलेली मी पाहिलेली नाही.

चिमटा लावून किंवा व्हॅक्यूमने बाळ काढायचं कौशल्यही हातातून जात चाललं आहे. पायाळू बाळाचं तर विचारायलाच नको. २००० साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले आणि तेव्हापासून पायाळू म्हणजे सिझर हे जवळपास ठरूनच गेलं. जी गोष्ट शिकताना पाहिलीच नाही, ती रात्री एकट्याने कोण करणार?

आकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात २००५-०६ मध्ये १०० पैकी ८.५ बाळंतपणं सिझरने होत होती. २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात २०१५-१६ ते २०१९-२१ मध्ये २०.१ वरून २५.४. २००५-०६ ते २०१९-२१ या काळात देशात दवाखान्यातली बाळंतपणं ३८.७ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेली, तेव्हा वाढीचा एक भाग हा चांगल्याच बदलाचा आहे. ज्या बाईला पूर्वी अडलेलं बाळ पोटात घेऊन बैलगाडीत मरण यायचं, ती आता टेबलापर्यंत पोचते. २०१८-२० च्या काळात महाराष्ट्रातला मातामृत्यूचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आला, त्यात सिझरचाही वाटा आहे.

पण २०१९-२१ मध्ये देशभर सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खाजगीत ४७.४. तेलंगणात एकूण ६०.७, नागालँडमध्ये ५.२. एवढा फरक बायकांच्या शरीरात असू शकत नाही. वाढलेलं वय, वजन, मधुमेह, वंध्यत्वावरच्या उपचारांनंतरची जुळी, ही कारणं खरी आहेत आणि शहरात जास्त आहेत, तरी सरकारी आणि खाजगीतल्या तिप्पट फरकाचा हिशेब त्यांनी पुरा होत नाही. नागालँडच्या आकड्यातही सगळं आलबेल नाही. गडचिरोलीच्या आतल्या गावातून निघालेली बाई वेळेत टेबलावर पोचली नाही, तर तिथला कमी आकडा हाही मृत्यूचाच आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली होती, २०१५ मध्ये मात्र तिने भर दिला तो ज्या बाईला गरज आहे तिला सिझर मिळण्यावर. १० टक्क्यांच्या वर गेल्याने देशपातळीवर माता आणि बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, एवढं तिने नोंदवलं.

त्याच वेळी संघटनेने रॉबसन वर्गीकरण वापरायला सांगितलं. मायकेल रॉबसन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत सोपी आहे. पहिलटकरीण की आधी बाळंत झालेली, आधी सिझर झालंय का, बाळ एक की जास्त, डोकं खाली की नाही, दिवस भरले का, कळा आपोआप की आणलेल्या, यावरून प्रत्येक बाई १० पैकी एका गटात बसते. आमच्या फाईलमधली बाई पहिल्या वेळी दुसऱ्या गटात होती: पहिलटकरीण, दिवस भरलेले, डोकं खाली, कळा औषधाने आणलेल्या. दुसऱ्या वेळी ती आपोआप पाचव्या गटात गेली: आधी सिझर झालेली. बहुतेक रुग्णालयांत पाचवा गटच सिझरच्या एकूण संख्येत सर्वांत मोठा वाटा उचलतो. तो गट भरतो पहिल्या (आपोआप कळा लागलेल्या पहिलटकरणी) आणि दुसऱ्या गटातून. पाचव्या गटातल्या बाईबद्दल आज कितीही काळजीपूर्वक निर्णय घेतला, तरी तिच्या पिशवीवरची खूण आधीच्या बाळंतपणातच पडलेली असते.

दुसरी खेप

मुलगी दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यात ती आमच्या रुग्णालयात आली. आधीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की पुन्हा सिझरच करावं लागेल, तारीख ३८ आठवड्यांनंतरची घेऊ. तिला एकदा तरी कळा येऊन बाळंत व्हायचं होतं. पहिल्या सिझरनंतर टाके पिकले होते, पहिले काही दिवस मुलीला पाजता आलं नव्हतं, आणि ते सगळं पुन्हा नको होतं. बरोबर आई होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, हिची हाडाची जागाच लहान हाय म्हणे. मंग काहून ही हट्ट करून राहिली?"

आम्ही जुनी कागदपत्रं मागवली. सुदैवाने ऑपरेशनची नोंद वाचण्यासारखी होती: पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद, दोन थरांत टाके, छेद वाढलेला नाही. उभा छेद असता तर विषय तिथेच संपला असता. दोन बाळंतपणांत जवळपास तीन वर्षांचं अंतर पडत होतं. वार मागच्या बाजूला आणि वर होती. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी केली, ती आपल्या भागात चुकवू नयेच. बाई वाहक निघाली, नवऱ्याची तपासणी ठीक आली. हिमोग्लोबिन ९.४ होतं, शिरेतून लोह देऊन नवव्या महिन्यापर्यंत ११ वर आणलं.

मग नवरा, आई आणि ती असे तिघांना समोर बसवून आकडे सांगितले. एका सिझरनंतर कळांची वाट पाहिलेल्या बायकांपैकी १०० मागे ६० ते ८० जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. तिची शक्यता यातल्या खालच्या टोकाकडची, कारण आधी एकही नैसर्गिक बाळंतपण नाही आणि पहिल्या सिझरचं लिहिलेलं कारण "प्रगती नाही" हे होतं. पिशवीवरची जुनी खूण कळांमध्ये उसवायची शक्यता साधारण २०० मध्ये एक. उसवली तर काही मिनिटांत पोट उघडावं लागतं. म्हणून जिथे ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास त्याच इमारतीत आहे, तिथेच हे करायचं, दुसरीकडे नाही. उलट बाजूही सांगितली: ठरवून सिझर केलं तर खूण उसवायची भीती जवळजवळ जाते, पण पुढच्या प्रत्येक खेपेला वार खाली बसायची आणि जुन्या खुणेत रुतायची जोखीम चढत जाते. वार खाली असलेल्या बायकांत, आधी एक सिझर झालेलं असेल तर ती रुतून बसण्याचं प्रमाण सुमारे ११ टक्के, दोन झालेली असतील तर ४० टक्के. रुतलेली वार म्हणजे प्रचंड रक्तस्राव, अनेकदा पिशवीच काढावी लागते.

लहान दवाखाने अशा बाईला नको म्हणतात, त्यात त्यांची चूक नाही. भूलतज्ज्ञ पाऊण तासाने येणार असेल तर नको म्हणणंच बरोबर. नागपुरात ही सोय चोवीस तास असते ती मेडिकल, मेयो, डागा यांसारख्या सरकारी आणि काही मोठ्या खाजगी रुग्णालयांत. सरकारी ठिकाणी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून मध्य प्रदेशातल्या शिवनी-छिंदवाड्यापर्यंतच्या अडलेल्या बायका येतात, त्यामुळे तिथलं सिझरचं प्रमाणही चढं असणारच, आणि एका खाटेकडे द्यायला परिचारिकेजवळ वेळ कमी पडतो. ज्या बाईला शांतपणे थांबायचं आहे, तिलाच सर्वांत गर्दीच्या ठिकाणी यावं लागतं. हे मला बोचतं.

नवऱ्याचा पहिला प्रश्न खर्चाचा होता. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत आहे हे ऐकून तो म्हणाला, "मंग मागच्या वेळी कोणी सांगितलं काहून नाही?" सासूबाईंचा विरोध होता, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पण त्यांनी सुनेला अडवलंही नाही.

कळा

३९ आठवडे आणि ५ दिवस झाल्यावर रात्री आपोआप कळा सुरू झाल्या. पहाटे ३ वाजता भरती, तोंड ३ सेंटिमीटर, पातळ झालेलं, डोकं बसलेलं. मागच्या वेळी याच आकड्यावर सगळं संपलं होतं. यावेळी आम्ही तिला चहा-बिस्कीट दिलं आणि व्हरांड्यात फिरायला सांगितलं. आई सोबत होत्या. बाळंतपणात घरची एक बाई सोबत असू द्यावी, या धोरणाला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मान्यता दिली आहे, आणि सतत सोबत असेल तर सिझरचं प्रमाण घटतं हे जगभरच्या चाचण्यांत दिसलेलं आहे. प्रत्यक्षात कितीतरी वॉर्डांत नातेवाइकांना दाराबाहेर काढतात. आईंनी काय केलं? पाठ चोळली, पाणी पाजलं, कळ आली की लेकीच्या कमरेला दोन्ही तळवे लावून दाब दिला. "सोड, श्वास सोड, धरून नको ठेवू," एवढंच म्हणत राहिल्या. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या नवीन परिचारिकेने ते पाहून पुढच्या खाटेवरच्या बाईला तसंच करून दिलं.

जुनी खूण असल्यामुळे ठोके सतत यंत्रावर होते. साध्या, जोखीम नसलेल्या बाळंतपणात सतत यंत्र लावल्याने सिझर वाढतात आणि बाळाच्या मेंदूच्या पक्षाघाताचं (सेरेब्रल पाल्सी) प्रमाण घटत नाही, तिथे परिचारिकेने ठरावीक वेळाने ऐकलेले ठोके पुरतात. पण आधी सिझर झालेल्या बाईला यंत्र हवंच, कारण खूण उसवू लागली तर बहुधा सर्वांत आधी बाळाचे ठोके बिघडतात.

सकाळी ८ वाजता ५ सेंटिमीटर. ११ वाजता ७. वॉर्डात सगळ्यांना वाटत होतं की दुपारपर्यंत होईल. हाडाची जागा लहान असल्याचं कोणतंही लक्षण नव्हतं, डोकं उतरत होतं.

सव्वाबारा वाजता एका कळेनंतर ठोके ८० वर गेले आणि वर आले नाहीत. कूस बदलली, प्राणवायू दिला, सलाईन वाढवलं. ९०. कळ ओसरल्यावरही ती ओटीपोटात खाली, टाक्यांच्या जागी दुखतंय म्हणत होती. अशा वेळी दुसरा विचार करायचा नसतो. निवासी डॉक्टरने खाटेची चाकं मोकळी केली तेव्हा भूलतज्ज्ञ थिएटरच्या दारात उभे होते. निर्णयापासून १८ मिनिटांत बाळ बाहेर आलं. मुलगा, ३ किलो १०० ग्रॅम. पहिल्या मिनिटाला ढिला होता, पाचव्या मिनिटापर्यंत गुलाबी झाला आणि रडला. पिशवीवरची जुनी खूण मधोमध इतकी पातळ झाली होती की आतून बाळाचे केस दिसत होते. पूर्ण उसवली नव्हती. आणखी काही कळा गेल्या असत्या तर उसवली असती.

या सिझरबद्दल एकाही ओळीचा वाद होऊ शकत नाही. आणि ते करायची वेळ ज्या खुणेने आणली, ती खूण मे महिन्यातल्या त्या दुपारची होती.

नंतर विभागाच्या बैठकीत एका सहकाऱ्याने विचारलं की मग ठरवूनच सिझर केलं असतं तर काय बिघडलं असतं? प्रश्न रास्त आहे. या एका बाईपुरतं बोलायचं तर ती धावपळ टळली असती. पण निर्णयाच्या दिवशी २०० मध्ये एक एवढी जोखीम समोर होती, ती तिला माहीत होती, तिने ती स्वीकारली होती, आणि ती जोखीम खरी झाली तर काय करायचं याची तयारी इमारतीत उभी होती. निर्णय चांगला की वाईट हे त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवरून ठरवावं लागतं. पहिल्या वेळी बाळ सुखरूप आलं, तरी मी तो निर्णय कच्चाच म्हणेन.

खाजगी दवाखान्यांकडून काय हवं आहे

या फाईलपुरतं मला जे सुचतं ते मोजकं आहे. काठावरच्या पाण्याची दुसरी मोजणी झाल्याशिवाय भरती नको, निदान मार्च ते जूनमध्ये तरी नको. तोंड तयार नसलेल्या पहिलटकरणीला कळा आणायच्या तर कारण लेखी हवं, आणि किती तास वाट पाहणार हेही आधीच नातेवाइकांना सांगितलेलं हवं. पार्टोग्राफ भरलेला हवा. प्रत्येक दवाखान्याने आपल्या पहिल्या आणि दुसऱ्या गटातल्या सिझरची संख्या महिन्याला स्वतःपुरती तरी काढावी, एका वहीच्या पानावर होतं ते काम. आणि प्रशिक्षित सुईण-परिचारिकांची फळी उभी राहिल्याशिवाय यातलं फारसं काही टिकणार नाही. केंद्राने २०१८ मध्ये सुईण सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात परिचारिकांना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन साध्या बाळंतपणांची सूत्रं त्यांच्या हाती द्यायची कल्पना आहे. नागपुरात आठ-दहा लहान प्रसूतिगृहांनी मिळून अशा चार जणी रात्रपाळीला ठेवल्या, तर दुपारी १ वाजताचं गणित बदलू शकतं. हे करता येण्यासारखं आहे, आणि मी ज्यांना ज्यांना भेटते त्यांना हेच सांगते.

तिचं डिस्चार्ज कार्ड मी स्वतः लिहिलं. छेद कुठे, किती थर, किती सेंटिमीटरवर कळा असताना ऑपरेशन झालं, ठोके किती वेळ किती होते, खूण कशी आढळली, हाडाच्या जागेत दोष नाही, आणि पुढच्या खेपेला कळांची वाट पाहू नये, ३७ आठवड्यांच्या आसपास ठरवून सिझर करावं, वार कुठे आहे ते पाचव्या महिन्यात नक्की पाहावं. तिसरं मूल नको हे दोघांनी सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळीच तांबी बसवली. सहा आठवड्यांनी ती दाखवायला आली तेव्हा टाके कोरडे होते, तांबी जागेवर होती, मुलगा अंगावर पीत होता. हिमोग्लोबिन १०.२. लोहाच्या गोळ्या तीन महिने चालू ठेवल्या आणि पुढची तारीख दिली.